बंद दाराआडचा आपूस

आंबा पिकवायचा असेल तर आधी गप्प बसायला शिकावं लागतं. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, आढी लावली की पाच दिवस त्या खोलीकडं बघतसुद्धा नसत. भाताच्या पिंजराचा वीतभर थर, त्यावर आपूस (हापूसला आमच्याकडं आपूसच म्हणतात), एकाला दुसरा टेकू न देता. वर पुन्हा पिंजर, पुन्हा आपूस. असं कमरेपर्यंत रचलं की कोपऱ्यात नारळ फोडायचा, दार ओढायचं, कडी घालायची. मग त्या दारासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पोटात काही न घालता, दाराच्या फटीला नाक लावायचं. वास उघड म्हणाला तर उघडायचं, थांब म्हणाला तर थांबायचं. अप्पा गेले आणि ते नाक माझ्याकडं आलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रडतरखडत. पण हुबळीच्या बाजारात माझ्या नाकाला कुणी उलटा प्रश्न विचारलेला नाही. निदान पुष्कळ वर्षं तरी.

आता मी हुबळीच्याच कडेला, उणकलच्या तळ्याजवळ राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलानं घेतलेला फ्लॅट आहे. नावं ठेवण्यासारखं काही नाही, फक्त सगळ्या खिडक्या पश्चिमेला आणि सगळ्या खिडक्यांना गज. दुपार झाली की भिंतीला हात लावावा तर तवा. तळं दिसतं, म्हणजे दोन इमारतींच्या मधून पानाच्या देठाएवढं दिसतं. चैत्र लागला की मी गज धरून उभा राहतो आणि मागून सून म्हणते, "मामा, परत उन्हात उभारलासा?"

"घरातच उभा आहे की. ऊन घरात आलंय, त्याला बोल."

यंदा मोहोर दोनदा आला. पौषात एकदा आला, त्यावर पाऊस पडला, निम्मा गळला. पंधरवड्यानं झाडानं पुन्हा धीर केला. हे मी झाडाखाली उभं राहून बघितलेलं नाही. फोनवर ऐकलं. आंब्याचा धंदा केलेल्या माणसाला मोहोराची बातमी फोनवर कळावी, यापरतं काय सांगू.

लोकांना वाटेल म्हाताऱ्याला आढीची आठवण नाकातून येत असेल. मला ती आधी बोटांतून येते. देठाचा चीक बोटांना लागून जे काळे डाग पडायचे ते पार मिरगापर्यंत जायचे नाहीत. जेवताना आमटीत बोट बुडवलं की ते चरचरायचं. पिंजराची कुसं गळपट्टीत शिरायची. आणि तिसऱ्या दिवशी नुसता हात थरात घातला (अप्पांनी मला हे एकदाच करू दिलं, मी लहान असताना) तर अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तशी ऊब. जिवंत ऊब. त्यानंतर मी कुठल्याही देवळात गेलो तरी तेवढा गप्प झालेलो नाही.

वखार आमची दाजीबानपेठेच्या मागच्या बोळात. दगडी भिंती, सागवानी दार, आणि माथ्याला पश्चिमेकडं दोन झरोके. ते झरोके अप्पांनी का ठेवले, मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं चिमण्यांसाठी. हुबळीचा उन्हाळा कितीही तापला तरी दिवस कलला की धारवाडच्या अंगानं वारा सुटायचा, ओलं फडकं तोंडावरून फिरवावं तसा. बोळातली माणसं बनियनवर बाहेर येऊन बसायची. तो वारा झरोक्यातून आत जात असेल, पिंजरातून फिरत असेल, दिवसभराची वाफ घेऊन बाहेर पडत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. माझी आढी माझ्या नाकानं पिकते असं मी धरून चाललो होतो. ती वाऱ्यानं पिकायची. वारा गेल्यावर कळलं.

तो एक उन्हाळा डोक्यातून जात नाही. धाकटा नातू भिंत धरून चालायला लागला होता त्या वर्षीचा. वखारीच्या पश्चिमेला एका कापडवाल्यानं तीन मजले चढवले, झरोक्यांसमोर कोरी भिंत आली. मी म्हटलं, सावली झाली, बरं झालं. आणि त्या वर्षी वारा तसाही आला नाही. संध्याकाळ व्हायची, माणसं बाहेर येऊन बसायची, आणि एकमेकांकडं बघत पंखा हलवायची. आकाशात वळवाचे ढग जमायचे आणि नुसतेच फुगून बसायचे, जेवायला बोलावलेल्या पण हात धुवायला न उठणाऱ्या पाव्हण्यासारखे.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवसापर्यंत आंबा तोंडात घालायचा नाही. मातीचा करा पाण्यानं भरायचा, शेजारी ताट वाढायचं, आणि वर्षाचा पहिला आंबा घरातल्या गेलेल्या माणसांपुढं ठेवायचा. अख्खा ठेवायचा. त्यांनी खाल्ला असं समजलं की मग कापायचा आणि घरात वाटायचा. कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणीकडून कधीकाळी इथं आलेली जेवढी व्यापारी घरं हुबळीत आहेत, त्यातल्या बहुतेकांचा तो आंबा आमच्या आढीतून जायचा. आमच्या आढीतून, म्हणजे माझ्या शब्दावर. कुणी दाबून बघायचं नाही, कुणी हुंगून बघायचं नाही. टोपली आली, गेलेल्यांपुढं ठेवली.

त्या वर्षी आढीचा तिसरा दिवस होता. सून चहा घेऊन वखारीत आली. शैला तिचं नाव. बाजारात सगळे शैलाक्का म्हणतात. धारवाडच्या घरातली, लग्न होऊन आली तेव्हा तिला पायरी आणि आपूस यातला फरक कळत नव्हता. बाईमाणसानं आढीच्या खोलीत जायचं नाही असा आमच्यात नियम. का, ते अप्पांनी सांगितलं नव्हतं, त्यांनाही कुणी सांगितलं नसावं. तर ती उंबऱ्याच्या अलीकडं थांबली, आणि कप ठेवता ठेवता तिचा हात कडीला लागला.

"मामा, कडी भाजायलीय."

"लोखंड आहे. चैत्रात भाजणारच."

"सावलीतली कडी हाय. ऊन पडत न्हाई तिच्यावर. आतनं तापायलीय. घटकाभर दार उघडू या की."

"आढी म्हणजे काय भात आहे, झाकण काढून शिजला का बघायला?"

"भाताकडं निदान बघतो आपण. ह्याच्याकडं तुम्ही बघतबी न्हाई, बघूबी देत न्हाई."

"चहा गार व्हायलाय," मी म्हटलं.

ती गेली. मी एक स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून बसलो. त्या दिवशी बसलो, दुसऱ्या दिवशीही बसलो. पाठीला ऊब लागत होती. सदरा ओला होऊन दाराला चिकटत होता. मला वाटत होतं मी राखण करतोय.

पाचव्या दिवशी फटीला नाक लावलं आणि मला भोवळ यायची राहिली. असा वास जन्मात आला नव्हता. नुसता वास नाही, हाका. बोळाच्या तोंडापर्यंत गेला. माणसं थांबून वळून बघायला लागली. दार उघडलं, पिंजर सारलं तर आत सोनं. बसण्णा तेव्हा तिथंच होता. हा केलगेरीचा बागवान, तीस वर्षं त्याच्या बागेचा माल आमच्याकडं येतो. त्यानं एक फळ हातात घेतलं, फिरवलं आणि हळूच विचारलं, "अण्णारे, वंद कोय्द नोडोणेन्री?" एक कापून बघू या का, म्हणाला.

आमच्यात कापून बघायची रीत नाही. कापणं म्हणजे नाकावर अविश्वास. मी म्हटलं, "बसण्णा, तूसुद्धा?" त्यानं फळ परत ठेवलं.

टोपल्या घरोघर गेल्या. आखितीच्या दुपारी या गल्ल्या कशा शांत असतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. सगळ्या घरांत एकाच वेळी उदबत्ती, एकाच वेळी पाणी सोडणं, आणि मग एकाच वेळी सुरी. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी कापला आणि सगळ्यांना एकच दिसलं. वरून सोनं. आत कोयीभोवती पांढरा, भिजल्या कापसासारखा, जिभेला आंबट.

कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर मी उत्तर दिलं असतं. मला भांडता येतं. त्यांनी टोपल्या वखारीच्या पायरीवर आणून ठेवल्या, वर फडकी झाकून, आणि निघून गेले. एकजण तेवढा थांबला. माझ्याच वयाचा, थट्टेखोर माणूस. म्हणाला, "अण्णा, आमच्या आजोबांनी ताट परत पाठवलंय." आणि हसला. मग हसणं अर्ध्यावर टाकून तोही गेला.

मी झाडाला दोष दिला. खताला दिला. बसण्णाला दिला, त्याच्या तोंडावर. कोवळा माल उतरवलास म्हटलं. तो प्रत्येक वाक्याला "हौद्री, हौद्री", म्हणजे होय जी, होय जी, म्हणत राहिला. खरं बोलणाऱ्याला माणूस हौद्री म्हणतो, आणि खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्यालाही म्हणतो. दोन्हीतला फरक मला ऐकू येत होता.

घरी शैलानं पान वाढलं. मी जेवलो नाही. ती म्हणाली, "तुमच्या नाकाचं काय चुकलं न्हाई, मामा. ते जुन्या उन्हाळ्याचं हाय. आता ऊन वेगळं झालंय." तिला बरं बोलायचं होतं. पण मला ते असं लागलं की मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. चूक झाली म्हटली असती तर परवडलं असतं. नाक जुनं झालं म्हणजे मीच जुना झालो, नाही का?

पुढच्या वर्षापासून तिनं सगळं फिरवलं. नवरा, म्हणजे माझा मुलगा महादेव, गाडी चालवायचा. बोलायचं काम शैलाचं. तारिहाळला कारखान्यांच्या रांगेत एक शेड घेतली आणि तिच्यात थंड खोली बसवली. केलगेरीत ऊन वर यायच्या आत फळं उतरवायची, झाडाखाली ठेवायची नाहीत, लगेच पाण्यात, पाण्यातून क्रेटमध्ये, क्रेटमधून थंड गाडीत, गाडीतून खोलीत. मधे कुठं उन्हाचा हात लागू द्यायचा नाही. बसण्णाच्या झाडांना कोवळ्या फळांवर कागदी पिशव्या चढल्या. एका फांदीला उन्हाचं माप घेणारी डबी लटकली. ती केलगेरीत तापली की शैलाचा मोबाइल उणकलला वाजतो. आणि झाडांच्या बुंध्याशी जमिनीवर पिंजर अंथरलं. जमीन तापते, तिची वाफ वर फळाला लागते, त्यानं आतून पांढरं पडतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी ऐकलं आणि म्हटलं, "माझ्या आढीचं अंथरूण झाडाच्या पायाखाली घातलंस." ती म्हणाली, "आंबा आता तिथंच तापतोय, मामा. म्हणून पिंजरबी तिथं."

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तराचा मला फार राग येतो.

खोलीची पूजा होती त्या दिवशी बाजारातली झाडून सगळी माणसं आली होती. शैलानं माझ्या हातात नारळ दिला. पन्नास माणसं बघत होती. ते जाड पांढरं दार, त्याच्या वरचे लाल आकडे, आतून येणारी ती घरघर. मी नारळ तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "फळाला असल्या पेटाऱ्यात कोंडतात तिथं मी पाय ठेवणार नाही. जिता आहे तोवर नाही." तिनं स्वतःच नारळ फोडला. एका फटक्यात फुटला, हेही मी बघितलं.

बाजारात शब्द तोंडातून पडला की तो आपला राहत नाही, ऐकणाऱ्यांचा होतो. मला पुढच्याच आठवड्यात तिथं जाऊन बघावंसं वाटत होतं. पण पन्नास माणसांनी माझा शब्द आपल्या खिशात घालून नेला होता. मागायला कुणाच्या दारात जाणार?

मग सुरू झाले हे उन्हाळे. शैला दर आखितीला नैवेद्य झाला की पहिला आंबा कापून ताटलीत माझ्यासमोर ठेवते. "मामा, बघा बरं." मी एक फोड तोंडात घालतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "पाणचट." ती मान हलवते, ताटली तिथंच ठेवून आत जाते. मग मी दार लोटून उरलेला सगळा खातो, कोय पांढरी होईपर्यंत चोखतो. गोड असतो. अप्पांच्या वेळेसारखा नसेल, पण गोड असतो. चार वर्षं मी खोटं बोलतोय आणि चार वर्षं ती ती कोय निमूट उचलून नेतेय. एकदा नुसतं म्हणाली, "पाणचट होता म्हणून कोयबी सोडली न्हाई वाटतं."

आढीतला आंबा पाचव्या दिवशी तरी बाहेर येतो. गजाला धरून उभं राहिलं की हे मनात येतं. दुपारची झळ तोंडावर बसते, खाली रस्त्यावर नवलूरचे पेरू विकणारी बाई टोपलीवर ओलं पोतं टाकून सावली शोधत सरकत असते, आणि वाटतं, आपल्याला कुणी बाहेरून कडी घातलेली नाही. आतून घातलीय. आतली कडी जास्त घट्ट असते.

यंदा आखितीच्या आठवडाभर आधी बसण्णा उणकलला आला. जिने चढून दमला होता. पाणी प्याला, टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचे केस कधी एवढे पांढरे झाले, मला कळलंच नाही.

"अण्णारे, यंदा अवघड हाय," तो म्हणाला. "मोहोर दोनदा आला. एकाच फांदीला आजा आणि नातू लटकल्यात. दिसायला दोघं सारखेच. उतरवणाऱ्यांनी पहिल्या तोडीला दोन्ही एकत्रच उतरवलं. निम्मं कोवळं हाय, निम्मं तयार हाय. खोलीत सगळं एकत्र गेलं तर आजा पिकणार, नातू आंबट ऱ्हाणार."

"यंत्र आहे की तुमच्याकडं," मी म्हटलं.

"यंत्राला ऊन कळतंय, री. वय कळत न्हाई. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, मला देठाजवळचा खांदा दिसत न्हाई फळाचा." त्यानं टोपी मांडीवर फिरवली. "काल शैलाक्का दोन फळं दोन हातात घेऊन बसली होती. लई येळ. मी म्हटलं, मामांना विचार. तर म्हणाली, न्हाई."

"मग मी काय करू?"

"ती विचारणार न्हाई, अण्णारे. तुमचीच सून हाय."

मी खिडकीकडं बघत राहिलो. पुन्हा त्या टोपल्या, पुन्हा ती फडकी. आणि या वेळी माझ्या नाही, तिच्या पायरीवर. चार वर्षं तिनं एकेक घर परत जोडलं होतं. या घरांत दोनदा पांढरा आंबा गेला तर तिसऱ्यांदा कुणी टोपली घेणार नाही.

"बाहेर बसून माणूस किती वर्षं बरोबर असणार, री?" बसण्णा म्हणाला आणि टोपी घालून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला स्कूटर काढत होती. मी खाली उतरलो आणि काही न बोलता मागं बसलो. ती वळून बघायला लागली. "पुढं बघ," मी म्हटलं, "रस्त्यात खड्डे आहेत." तिनं पुढं बघत गाडी तारिहाळपर्यंत नेली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

शेडमध्ये चपला काढायला लावल्या, पाय धुवायला लावले, डोक्यावर कागदी टोपी. महादेवचा स्वेटर तिनं माझ्या अंगात घातला. बाहेर वैशाखाच्या तोंडाचं ऊन आणि मी लोकरीत. मग ते दार. हातभर जाड, कडेला रबर. आत गेलो आणि मागं ते लागलं तेव्हा कानात दडे बसले.

"ही आतली कडी, मामा. ढकलली की उघडतंय."

"मला भीती वाटत नाही," मी म्हटलं, आणि कडीकडं तीनदा बघितलं.

सवयीनं आधी नाक पुढं केलं. काही नाही. क्रेटवर वाकलो, डोळे मिटले. काही नाही. नुसती थंडी, धुतलेल्या फरशीसारखी. एवढे आंबे समोर आणि एकाचीही हाक नाही. शैला बघत होती. नाकाला काही कळत नाही हे लपवण्यासाठी मी पहिलं फळ उचललं आणि अंगठा देठाजवळ फिरवला. खांदा भरलाय का, देठ खोलात गेलाय का, अंगावरचे ठिपके फुटलेत का. हे नाकाचं काम नव्हतंच, बोटांचं होतं. हा आजा. हा नातू. हा आजा. शैला क्रेट सरकवत राहिली. दुपारपर्यंत बोटं बधिर झाली. मी बाहेर येऊन ती उन्हात धरायचो आणि पुन्हा आत जायचो. तयार माल एकीकडं, कोवळा दुसरीकडं. कोवळा वेगळा ठेवला, खोलीची थंडी बेताची केली आणि तयार तेवढा पिकायला लावला.

मग पाच दिवस. पण हे पाच दिवस गप्प बसायचे नव्हते. शैला रोज दोनदा दार उघडायची, आकडे बघायची, क्रेट हलवायची. मी रोज तिच्यामागून आत. बाजारात बातमी पोचली असणार. कुणी मला काही म्हटलं नाही. माझा शब्द ज्यांच्या खिशात होता त्यांना तो आठवतही नसावा, हे कळलं तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चार उन्हाळे मी एका रिकाम्या खिशाची राखण केली होती.

पाचव्या दिवशी रंग आला. एकसारखा, डाग नाही, सुरकुती नाही. मी ढिगावर हात ठेवला. माझ्या बोटांनी निवडलेला माल. उद्या आखिती. "भर टोपल्या," मी म्हटलं.

शैलानं सुरी काढली.

"हे काय?"

"कापून बघायचं, मामा."

"माझ्या हातावर भरोसा नाही?"

"हातावर हाय," ती म्हणाली. "उन्हावर न्हाई."

मी तिच्या हातून सुरी घेतली. कापायचंच तर मीच कापीन. जन्मात पहिल्यांदा मी नैवेद्याच्या आधी आंब्याला सुरी लावली. पहिला केशरी. मी तिच्याकडं बघितलं. दुसरा केशरी. तिसरा कापला आणि सुरी कोयीपाशी मऊ शिरली. पांढरा. वय बरोबर होतं, खांदा बरोबर होता, सगळं बरोबर होतं. झाडावरच आतून पांढरा झाला होता. डबी लटकलेली, पिंजर अंथरलेलं, तरीही. चौथा बरा. पाचवा बरा. सहावा पांढरा. वरून बघून कुणालाही सांगता आलं नसतं. मला नाही, यंत्राला नाही, अप्पांनाही नाही.

क्रेटवर मी बसलो. कापलेलं फळ ताटात चालत नाही, आणि न कापता कळत नाही. दोन्हीकडून दार बंद. शैला माझ्यासमोर उभी होती, हात काखेत घालून, थंडीनं की कशानं कुणास ठाऊक. ती काही विचारत नव्हती. खरंच माझीच सून.

"यंदा आखितीला आंबा जाणार नाही," मी म्हटलं.

"मामा, चाळीस-पन्नास घरं हायत. त्यांनी करा भरायला घेतला असंल. काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांग. म्हाताऱ्यानं कापून बघितला आणि परत केला म्हणून सांग."

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं नाक गेलं."

"म्हणू देत."

तिनं मोबाइल काढला. खोलीच्या आत तो लागतो, मला वाटलं होतं लागत नसेल. यादीत पहिलं घर दाजीबानपेठेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं. पलीकडं त्यांच्या आई. शैलानं "नमस्कार, काकू" म्हटलं आणि पुढं तिला शब्द सापडेना. मी हात पुढं केला. तिनं फोन दिला.

मी नाव सांगितलं. सगळं सांगितलं. झाडाला दोष दिला नाही, बसण्णाला दिला नाही. म्हटलं, आतून पांढरा निघतोय, वरून कळत नाही, म्हणून देत नाही. पंधरा दिवसांनी झाडावर राहिलेला मागच्या मोहोराचा येईल, तो आधी कापून बघीन, मग देईन.

"पंधरा दिवसांनी?" त्या म्हणाल्या. "आखिती उद्या हाय, अण्णा. ह्यांच्या फोटोसमोर काय ठेवू मी? चाळीस वर्षं आंबा ठेवतोय."

"पाणी ठेवा. ताट वाढा. आणि माझं नाव सांगा. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे, तुमच्यावर नको."

पलीकडं भांड्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी घासत होतं. शैला माझ्याकडं बघत नव्हती, त्या पांढऱ्या फोडींकडं बघत होती.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी मोबाइल शैलाकडं दिला. "पुढचा लाव," मी म्हटलं.